सतरा नंबरची हजेरी

मी, खेमा झुलाल मालचे, वय ५२, धंदा टायपिंग व झेरॉक्स, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, नशापाणी न करता, स्वतः टाइप करीत आहे. बुद्धी शाबूत आहे; किडन्या गेल्या. कोर्टाबाहेर बसून पंचवीस वर्षं लोकांची मृत्युपत्रं टाइप केली, त्यामुळे कुठे काय लिहायचं हे मला कोणी शिकवू नये.

१. देवपूरच्या दोन खोल्या पत्नी सोनीबाई हिला. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी उठवू नये.

२. झेरॉक्स मशीन व टाइपरायटर मुलगी उषा हिला. मशीन कागद अडकवतं. डाव्या अंगाला थाप मारली की चालतं.

३. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत एक हजेरीवही आहे. माझी वादाची मिळकत एवढीच. १९९५ साली आम्ही आदिवासी वसतिगृहांतली मुलंमुली आदिवासी प्रकल्प कचेरीसमोर अकरा दिवस बसलो होतो. मागणी एकच, मुलींच्या न्हाणीघराला दरवाजा. आश्रमशाळेपासून आम्हाला दोन्ही वेळच्या हजेरीची सवय, म्हणून तिथेही मी रोज हजेरी घेतली. नाव, गाव, खोली नंबर. अक्षर चांगलं असल्याचा मला माज होता. शेवटच्या दिवशी साहेब म्हणाले, "कोण कोण बसलंय त्याची यादी द्या, मग विचार करू." मी सुवाच्य नक्कल करून दिली. चार दिवसांनी त्रेचाळीस जणांचे बिछाने रस्त्यावर आले.

४. सतरा नंबर. इथे तिला ललिता म्हणतो. खरं नाव वहीत आहे. ती एक दिवसही आंदोलनात नव्हती. आई आजारी म्हणून यावलकडे गावी गेली होती. कोणी गावी गेलं की त्याची हजेरी दुसऱ्याने लावायची, ही वसतिगृहातली आमची रीत. नाहीतर नाव कटायचं. मी अकरा दिवस तिच्या नावापुढे मायेने बरोबरची खूण केली. ती परतली तेव्हा तिची ट्रंक फाटकाबाहेर होती. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष होतं. आज ती केळीच्या बागेत घड वाहते.

५. हितेंद्रभाऊ आंदोलनाचे नेते म्हणून मिरवतात. पहिल्या दिवशी नारळ फोडायला आले, शेवटच्या दिवशी फोटोला. हजेरी कधी दिली नाही, हुशार माणूस. आपल्या सत्कारात दाखवायला वही मागतात. एक पानही देऊ नये.

६. सारिका मॅडम आमच्यासारख्या मुलांच्या आंदोलनांचे कागद जपून ठेवतात. बाई सरळ आहे. म्हणाली, "ज्याचं नाव, त्याला विचारल्याशिवाय मी काही घेणार नाही." म्हणून डायलिसिसच्या मधल्या दिवसांत मी गावोगाव फिरलो. आठ जण वारले, पंधरा सापडले नाहीत, बारा जणांनी हात जोडले, "पोरांना नोकऱ्या लागायच्यात, जुनं उकरू नको." मला धरून सात जण हो म्हणाले. ललिता बांधावर भाकर खात होती.

"मी तठे नव्हतीच, खेमाभाऊ. मनं नाव काढी टाक."

"नाव काढं ते मनी चूक बी पुसाई जाई."

"मंग ऱ्हाऊ दे. पहिले बी तूच लिखं. तवय माले इचारं व्हतं का?"

पाणीही न पिता परतलो.

७. प्रत्येक पानावर त्रेचाळीस जण एकाखाली एक आहेत, एकाचं पान वेगळं फाडता येत नाही. नावं झाकली तर नुसत्या खुणा उरतात. म्हणून माझ्या पश्चात उषाने ती वही ललिताच्या हातात नेऊन द्यावी. ती काय करील ते मला माहीत आहे. बागेतून आल्यावर तिला चूल पेटवायचीच असते. हो म्हणणारे सातही त्यात जातील. मॅडमनी आधी फोटो काढून ठेवू नये. न्हाणीघराला आजही पत्राच टेकवलेला आहे, म्हणजे आम्ही बसलो होतो याची दुसरी खूण कुठेच राहणार नाही. मला याचं फार वाईट वाटतं. तरी या वेळी तिला विचारायचं आहे.

ठिकाण धुळे, ११ नोव्हेंबर २०२५.
सही: खेमा झुलाल मालचे

साक्षीदार:
१. चंदन उखर्डू सोनवणे, स्टॅम्प व्हेंडर
२. ॲड. सुलक्षणा ठाकरे

सही करताना दोघेही समोर स्वतः बसले होते. कोणाची हजेरी दुसऱ्याने लावलेली नाही.