स्पष्ट बोलण्याचा नियम

शनिवार, १२ जानेवारी २०१९

वर्लिनकडून आत्ताच आले. शी! आधी हात धुतले, मग मन धुवायला जपमाळ घेतली.

हॅरल्ड, माझा नवरा, असल्यापासून दर शनिवारी दुपारी आमचा हा खेळ चालतो. वर्लिन (रिटायर्ड पोस्टमन) गोष्ट रचत जातो, आम्ही त्यातली माणसं व्हायचं, आणि अडलं की फासे टाकायचे. खेळातली माझी जोगीण, सिस्टर एल्विना, बत्तीस वर्षं जखमा बांधतेय, गाणी म्हणतेय. तिची माहिती लिहिलेला कागद हॅरल्डच्या अक्षरात आहे. हॅरल्डला जाऊन चार वर्षं झाली. ‘बरं, आता तू काय करतेस?’ असं मला कुणी विचारतं, ते आठवड्यातल्या या चार तासांतच.

आज ड्वेनच्या योद्ध्याने एका कैद्याचे कान कापले. टेस नवी आहे, न्यू जर्सीची, लायब्ररीत काम करते. तिने ‘मस्त!’ म्हणून त्या कानांचा हार केला. ड्वेन चीजचे केशरी कुरकुरे खातो, बोटं चाटतो आणि त्याच बोटांनी फासे उचलतो. फासे माझे.

मी दोनदा उसासा टाकला. समजदाराला एवढं पुरे.

१९ जानेवारी

उसासे पुरले नाहीत. आज तीन टाकले, शेवटचा डोळे मिटून. ड्वेनने विचारलं, गार वारा लागतोय का, आणि खिडकी लावली. आता कांद्याचा वास बाहेर जाईना. तो कच्च्या खिम्याचं सँडविच आणतो, वर कच्चा कांदा. आमच्याकडे ते ख्रिसमसला खातात, आणि ख्रिसमस होऊन महिना होत आला तरी! नको म्हटलं तरी, घ्या हो लुएलाबाई, घ्या हो, करत नाकापर्यंत आणतो. हॅरल्डही खायचा, पण काट्याने.

वर्लिनने एक फॉर्म दिला: खेळात काय हवं, काय नको. मी लिहिलं, ‘सगळ्यांना आवडेल ते मला चालेल.’ स्वतःसाठी मागणारी मुलगी आणि ताटाकडे बघणारं कुत्रं सारखंच, असं शाळेत सिस्टर क्लोटिल्ड म्हणायच्या. यातला अर्थ वर्लिनला कळेल. पस्तीस वर्षं पत्रं वाटलीत त्याने.

ड्वेनने एकच शब्द लिहिला, मारामारी. टेसला पान पुरलं नाही. पाठीमागेही लिहिलं.

माझ्या लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचा, शेवटचा तुकडा उरला. वर्लिनने अर्धा घेतला, मी अर्ध्यातला अर्धा, ड्वेनने त्यातलाही अर्धा. शेवटचा घास आपल्याकडे कुणी उचलत नाही. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचा. टेस म्हणाली, कुणाला नकोय ना? टाकला तोंडात! वर ट्रे बोटाने पुसून बोट चाटलं.

२६ जानेवारी

दोन तास नुसती कत्तल. वर्लिन म्हणाला, लुएलाचं बरं आहे बाई, तिला काहीही चालतं. कौतुक ऐकून बरं वाटलं, पण अर्थ काही पोचलेला दिसत नाही.

मला काय हवं, ते उघडच आहे. संध्याकाळ, शेकोटी, एल्विना गातेय, योद्धे डोळे पुसताहेत. गुहेत मी सहज विचारलं, कुणाला घरची आठवण येते का रे? ड्वेन म्हणाला, नाही बुवा. आता कोणाला मारायचं?

२ फेब्रुवारी

टेबलावर एक लाल कार्ड असतं. एखादी गोष्ट असह्य झाली तर त्याला बोट लावायचं, म्हणजे कारण न विचारता ते दृश्य थांबवतात. आज नऊ वेळा लावलं. दोनदा कानांच्या हाराला, तीनदा टेसच्या शिव्यांना, एकदा ड्वेनच्या ढेकरेला. उरलेल्या तीन वेळा खिम्याला.

निघताना वर्लिन व्हरांड्यात म्हणाला, अगं, ते कार्ड खेळातल्या गोष्टींसाठी असतं. तुला नक्की काय हवंय, एकदा सांगून टाक ना. मी म्हटलं, छे रे, मला मेलीला काय हवं असणार?

इतका मठ्ठ तो पूर्वी नव्हता.

९ फेब्रुवारी

दुखणं सापडलं. या मंडळींना मोकळेपणी बोलताच येत नाही. मी पुढाकार घेतला. जाड कागदावर, शाळेतल्या वळणदार अक्षरात नियम लिहून नेले. एक: मनात असेल तेच बोलावं. दोन: बोलणाऱ्याचा शब्द तसाच धरावा, आग्रह करू नये. (दुसरा खिम्यासाठी.)

सगळ्यांनी सह्या केल्या. वर्लिनने कागद भिंतीवर लावला. टेस म्हणाली, अगं लुएला, देवासारखी धावलीस, मला वाटायचं इथे मीच वेडी. आणि गळ्यात पडली. माझ्याहून तीस वर्षांनी लहान आणि ‘अगं लुएला’! स्वेटर धुवायला टाकलाय.

१६ फेब्रुवारी

नियम लागू झाला. टेस म्हणाली, त्या कार्डाने खेळाचा पार विचका होतो. ड्वेन म्हणाला, राग मानू नका लुएलाबाई, पण एल्विना गायला लागली की मी मुद्दाम बाथरूममध्ये जाऊन बसतो. तीन वर्षं! मला वाटायचं त्याचं मूत्राशय नाजूक आहे. नऊ दिवसांची प्रार्थना केली होती मी त्यासाठी.

मी काही बोलले नाही. नियम करणाऱ्याने तो पाळलाच पाहिजे असं नाही.

निश्चय: पुढच्या शनिवारी सांगायचं, मी खेळ सोडते म्हणते. ते नको म्हणतील, मी नाही म्हणेन. पुन्हा विनवतील, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विरघळायचं आणि अटी घालायच्या. शेकोटी दर आठवड्याला, कान कापणं बंद, प्रत्येकाला नॅपकिन. आरशासमोर तालीम केली. दुसरा नकार फार छान जमतो.

२३ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

गाडीत बसून लिहितेय. सांगितलं.

वर्लिन लगेच उठला. अगं लुएला, असं काय करतेस... टेसने भिंतीकडे बोट केलं. म्हणाली, तिचा शब्द तसाच धरायचा, तिनेच लिहिलंय. ड्वेन म्हणाला, असं सरळ सांगायला छाती लागते, मानलं तुम्हाला. वर्लिन खाली बसला. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. दुःखाने होतो तसा.

मी कोट चढवला. सात बटणं, सावकाश. पाचवं चुकल्यासारखं करून परत लावलं. ड्वेन दार उघडून उभा. आमच्याकडे निरोपाला तासभर तरी लागतो, दारात, मग पायरीवर, मग गाडीच्या काचेशी. आज चार मिनिटं.

३.४५. आतून हसण्याचा आवाज येतोय. रडू लपवायला माणसं असंच करतात.

३.५५. ड्वेन पळत आला! मी काच खाली केली. ट्रे राहिला होता. धुऊन आणला होता.

२ मार्च, दुपारी १२.३०

दारातल्या पत्रपेटीत वर्लिनची चिठ्ठी. लिहितो, एल्विनाला मारलेलं नाही, काळजी करू नकोस. ती गावाबाहेरच्या खानावळीत थांबली आहे, आमचे घोडे सांभाळते.

घोडे! तिला कधी बसताही आलं नाही घोड्यावर. किती आहेत, नावं काय, चारतेय काय ती त्यांना?

फोन लावला. वर्लिनने पहिल्याच घंटीला उचलला. म्हणाला, बोल लुएला, काय हवंय?

मी म्हटलं, काही नाही रे, सहजच.

बरं, म्हणाला, आणि ठेवला.