चिमीचं हसणं

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिने चढायचा हट्ट सोडा.

एक सांगायचंय आणि कसं सांगावं ते कळत नाही. आमच्या पार्कातली पोरांची झुकझुक गाडी बंद करून तिची भुताची गाडी केली. साहेबांचं म्हणणं, आईबाप वर्षातून एकदा येतात, कॉलेजची पोरं मात्र घाबरायला पुन्हा पुन्हा येतात. मग ‘सहकुटुंब या’ची पाटी उतरली, बोगदा लांबवून काळा केला, आणि ‘हिंमत असेल तरच बसा’ ही जाहिरात मलाच लिहावी लागली. माणसं गोळा करायला फाटकावरच्या कर्ण्यातून आपल्या चिमीचं हसणं वाजायचं ना? तेच आता बोगद्यात लावलंय. उजेडात गोड वाटायचं, अंधारात लोकांची बोबडी वळते. तू नको म्हणालीस तर काढायला लावतो, मग साहेब काहीही म्हणोत.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा,
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

गुडघा बरा आहे, हट्ट तसाच आहे. लहानपणी दाराआडून मला फुकट घाबरवायचास, आता त्याचाच पगार घेतोस. प्रगती आहे.

पण ते हसणं आजच्या आज काढ. चिमी जाऊन चार वर्षं झाली, तरी तिच्या खोलीतला दिवा मी मालवत नाही. पोर अंधाराला फार भ्यायची. तिला तिथे एकटीला ठेवू नकोस रे.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि ताईला विसरू नकोस.
तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी टेप काढली. साहेबांना पटवताना नाकी नऊ आले. तिच्या जागी दार करकरल्याचा आवाज लावला.

तरी उतरणारी माणसं विचारतात, आत हसते ती मुलगी कोण? साहेब खूश, म्हणतात, जाहिरातीत हेच छाप. मला वाटलं, लोक काहीही बोलतात. म्हणून काल दुपारी रिकाम्या गाडीत एकटाच बसून आलो. ऐकू काही आलं नाही. फक्त वळणावर कुणीतरी माझं बोट धरलं, आणि भलत्याच माणसाचं धरल्यासारखं लगेच सोडलं.

ताई, मला भीती वाटते. वेड्यात काढ, पण पत्र टाक.
तुझा,
धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

वेड्यात कशी काढू? चिमी घाबरली की हसायची. झुकझुक गाडीत तिचं हसणं टेप करताना बोगदा आला आणि ती खदखदून हसली, तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. मी शेजारी होते. तिची नखं माझ्या बोटात रुतली होती.

उद्या सकाळी निघते. हे नको म्हणत नाहीत, माझी पिशवी भरून देताहेत. त्या फेरीला दुसऱ्या कुणाला बसवू नकोस. माझ्या शेजारची जागा रिकामी ठेव, आणि तिने बोट सोडेपर्यंत मला उतर म्हणू नकोस.

तुझ्यावर जीव आहे, तो आहेच.
तुझी,
ताई