चार नंबरची बरणी

३ मार्च
आज तिच्या नमुन्याची गोठवलेली कुपी वितळवली. शेवटचीच. ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात दिलेली.
सहा माणसांच्या पोटातले जीवाणू, प्रयोगशाळेतल्या सहा काचेच्या बरण्यांत. नावं नाहीत, नुसते नंबर. चार नंबर म्हणजे माझी बायको, हे फक्त मला माहीत. नमुना मागितला तेव्हा म्हणाली होती, "अहो, लग्नात मागायचं राहिलं म्हणून आता हे मागताय?"

४ मार्च
बरण्यांत डाळिंबाच्या सालीचा अर्क घातला. कोणाचे जीवाणू त्याचं काय करतात ते बघायचं.

७ मार्च
धाकटी बहीण येऊन बायकोचे कपडे घेऊन गेली. "दादा, कपाट मोकळं केलं की मनही होतं." नाही झालं. उशीलाही आता तिचा वास नाही.

९ मार्च
पाच बरण्यांत अर्क तसाच पडून. चार नंबरनं मात्र तो फोडून आतड्याला उपयोगी द्रव्य बनवलं! आमच्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, "हे पोट ज्याचं कुणाचं आहे ना, त्याच्या पाया पडायला हवं."
मी नळ्या धूत राहिलो. मला दगडही पचतो, ती म्हणायची.

११ मार्च
कोणी नसलं की तिच्या बरणीशेजारी स्टूल ओढून बसतो. काच अंगाइतकी ऊबदार असते.

१४ मार्च
झाकण उघडलं.
या जीवांना हवा सोसत नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे मीच शिकवतो. बाई जेवायला गेल्या होत्या. वाटलं, वास तरी घ्यावा — बस, एवढंच. वास घाण होता. तिचा नव्हता. झाकण परत लावायचं सुचलंच नाही. रडत बसलो आणि हवा आत जात राहिली.

१५ मार्च
चार नंबरमध्ये काही वाढत नाही. तिचं जिवंत असं जे काही उरलं होतं, ते मी मारलं. आजही जेवलो नाही. अन्न समोर आलं की नको होतं.

१६ मार्च
बाईंना सांगितलं. भडकल्या. "एवढी वर्षं काम करून? आता त्या माणसाला परत बोलवा."
म्हटलं, येणार नाही.
"का, रुसलाय?"
म्हटलं, माझी बायको होती.
त्यांनी चष्मा काढून ठेवला. विचारलं, "एका ताटात जेवायचात?"
"पुष्कळदा. माझं उरलेलं ती, तिचं उरलेलं मी."
"मग तुमचा नमुना द्या. एका घरातल्यांचे जीवाणू एकमेकांत जातात. खात्री देत नाही हं."

२४ मार्च
माझ्या बरणीत अर्क फुटला. बाईंनी तिची जुनी तपासणी आणि माझी शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. कितीतरी जीवाणू तिचेच.
घरी येऊन पोटभर जेवलो. त्यांना उपाशी ठेवून चालणार नाही.