गोमाजीची जीभ

१८ ऑगस्ट, सोमवार

पोचले एकदाची! मोहाडीहून सकाळी निघाले, साकोलीला गाडी बदलली आणि दिघोरीच्या फाट्यावर उतरले, तर मालक टिकारामकाका स्वतः ट्रॅक्टर घेऊन हजर. ट्रॅक्टर चालवणारा सोमाजी माझी पेटी बघून म्हणाला, बाई नोकरीले आल्या का नांदाले? पहिल्या भेटीत थट्टा करणारी माणसं मला आवडतात. मीही सांगितलं, जेवण बरं असेल तर नांदेनसुद्धा.

चाळीस एकर धान. मधोमध बोडी, म्हणजे छोटा तलाव, काठाला मोहाची झाडं. हिचंच पाणी झिरपून गावच्या विहिरीला लागतं. काका राहतात साकोलीला. शेतावर आम्ही चारच माणसं: मी, सोमाजी, गोमाजी आणि त्याची बायको रंभाबाई. निंदणाला बाया येतात आणि संध्याकाळी जातात. गेल्या वर्षी शेजारच्या शिवारात फवारताना दोन माणसं गेली, तेव्हापासून काकांनी धसका घेतलाय. म्हणून मला नेमलं. कीटकनाशकं नीट ठेवायची व्यवस्था लावायची, आणि या शेतावर विषानं कोणी मरू नये, एवढं एकच काम.

काम दांडगं आहे! एक डबा कांद्याच्या टोपलीत सापडला, दोन खाटेखाली, आणि एक जहाल औषध चक्क सरबताच्या बाटलीत, चुलीवरच्या फळीवर. मी कपाळाला हात लावला. इथे याला कोणी विष म्हणतच नाही. दवाई म्हणतात.

गोमाजी तीस वर्षं फवारणी करतोय. काटकुळा, साठीचा, डोळे पिवळट. सहा वर्षांपूर्वी बनावट औषधानं गावाचं धान गेलं, तेव्हापासून लोक नवीन बाटली याच्याकडे आणतात. हा थेंब जिभेवर लावतो, थुंकतो आणि निकाल देतो, असली की नकली. आज माझ्यासमोर तीन गावची माणसं रांगेत होती. त्याला खाटेवर बसवतात, विडा देतात, पाया पडतात. मी हे बंद करायला सांगितलं तर सगळे माझ्याकडे बघतच राहिले. रंभाबाईची झिंग्यांची भाजी मात्र झकास.

२६ ऑगस्ट, मंगळवार

खोली तयार! खळ्याजवळची पक्की खोली घेतली, घरापासून लांब, चुलीपासून लांब. लोखंडी दार. वर हवा यायला जाळी. उंबरठा वीतभर उंच केला, म्हणजे काही सांडलं तर बाहेर वाहायला नको. लोखंडी मांडणी आणली. भुकटी वरच्या कप्प्यात, पातळ औषधं खाली, तणनाशक वेगळ्या कोपऱ्यात. वाळूची बादली, हातमोजे, भिंतीवर दवाखान्याचा नंबर. रिकामी बाटली तीनदा विसळायची, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि बाटलीला दाभणानं भोक पाडायचं, म्हणजे तिच्यात कोणी तेल भरणार नाही. सोमाजी म्हणाला, एवढी बडदास्त तं माह्या बायकोचीबी नसन.

बाहेरून मोठं कुलूप. किल्ली एकच, माझ्या गळ्यात.

गोमाजी दिवसभर बघत होता. संध्याकाळी म्हणाला, "कुलूप कायले, मॅडम? आजवर माही जीभ होती ना राखाले." मी हसून म्हटलं, आता जिभेला सुट्टी द्या, काका, पेन्शन घ्या. तो हसला नाही. त्याची दुखरी जागा माझ्या तेव्हा लक्षात आली नाही, हे कबूल करते.

२ सप्टेंबर, मंगळवार

तुडतुडा लागलाय. बोडीखालच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, धान बुडख्यापासून पिवळं पडतंय. परवा मी मोजून औषध दिलं, आज बघितलं तर तुडतुडे जसेच्या तसे. कारण उघड आहे. दरवर्षी एकच औषध मारून मारून किडीला ते पचायला लागलंय. औषध बदलावं लागेल. पण गोमाजीनं बायांच्या देखत सांगितलं की औषध नकली होतं, मॅडमनं मले चाखू देल्लं नाई, म्हणून घात झाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सांगत होते ते उंटावरचं शहाणपण ठरलं. राग आला. अजून आहे.

आज बाटल्या घेऊन आलेल्या माणसांना मीच परत पाठवलं. गोमाजी रिकाम्या खाटेवर दुपारभर बसून होता.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी पंप धुवायला गेले, तर गोमाजी पंपाच्या तळाचं उरलेलं पाणी कोंबड्याच्या चोचीत ओतत होता. माझी जीभ चालत नाही तर कोंबडा तरी सांगेल, म्हणाला. कोंबडा लटपटला, पडला आणि थोड्या वेळानं उठून चालायला लागला. मी समजावलं, ते पाणी पातळ केलेलं आहे, काका, त्यानं लगेच काय होणार? तो म्हणाला, मेला नाई म्हंजे नकली हाये. आणि कोंबड्याला पायाशी धरून उंबरठ्यावर आपटला. एकदा नाही. त्यात काही उरलं नाही तोवर.

मग हात धुतले आणि निंदणाला गेला. उंबरठा मी स्वतः घासला. टिकारामकाकांना फोन केला. "गोमाजी घरचा मानूस हाये, बाई. डोस्क्यावर घेऊ नोका." मी घेणार आहे. सोमवारी तालुक्याला जाऊन तक्रार देणार.

८ सप्टेंबर, सोमवार

जाता आलं नाही. पहाटेपासून झड लागलीय आणि चुलबंद नदीला पूर येतोय.

आज कुत्रा. त्याचाच कुत्रा, सात वर्षं त्याच्या मागं फिरणारा. दुपारी सगळ्यांसमोर त्याला गुडघ्याखाली दाबलं आणि पंपातलं पाणी पाजलं. कुत्र्याच्या तोंडाला फेस आला, तो लोळला, ओरडला, पण मेला नाही. गोमाजी वाट बघत बसला. मग कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, बोथट बाजूनं, त्याचं डोकं फोडलं. बाया पाटीविळे टाकून पळाल्या, आता उद्या कोणी येणार नाही. मी ओरडत होते, पण पुढं व्हायचं धाडस झालं नाही. मला माझीच लाज वाटते.

तो माझ्याकडे आला. कपाळावर रक्ताचे शिंतोडे. शांतपणे म्हणाला की पातळ पाण्यावर पारख होत नाही, आतली दवाई पाहिजे, किल्ली द्या. मी नाही म्हटलं.

संध्याकाळी रंभाबाई माझ्याजवळ येऊन रडली. "पोरी, त्याची जीभ मेली हाये. चार साल झाले." एकदा भाजीत मिठाऐवजी चुकून सोडा पडला, तर त्यानं मुकाट्यानं खाल्लं. मग तिनं मुद्दाम मिरचीचा गोळा घातला, तोही खाल्ला. विष चाखून चाखून त्याला कशाचीच चव लागत नाही. चार वर्षं तो अंदाजानं सांगतोय, असली, नकली. आणि गाव पाया पडतंय. तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं. आज मला सांगितलं, कारण तिला त्याची भीती वाटते.

आम्हाला वाटलं ऐकणारं कोणी नाही. पण सोमाजी पडवीत होता.

९ सप्टेंबर, मंगळवार

रस्ता बंद, गावाकडची वाटही पाण्याखाली. काका साकोलीला अडकलेत. इथे आम्ही चौघं आणि चहूकडे पाणी.

सकाळी गोमाजीनं पंपातलं पाणी सोमाजीपुढं धरलं, तू चाखून सांग म्हणाला. सोमाजी हसला. मी त्याला खूण केली, गप बस. पण ज्याच्या जिभेला हाड नाही तो कसला ऐकतो! म्हणाला, "माहीच काहून? तुही जीभ तं कवाचीच मेली ना, बुढ्या."

 गोमाजीनं रंभाबाईकडे बघितलं फक्त, आणि निघून गेला.

दुपार.

सोमाजी बांधीच्या पाळीवर, बांधावर, पडलाय. विळा शेजारीच. त्याच्या तोंडात जीभ नाही. नुसतं रक्त. मी पोचले तेव्हा जिवंत होता, माझा हात धरून काहीतरी सांगत होता. सांगायला काही राहिलंच नव्हतं त्याच्याजवळ. माझ्या मांडीवर गेला.

गोमाजी पलीकडच्या बांधीत उभा होता. मूठ आवळलेली. हाक मारून म्हणाला, मॅडम, हेबी मेलेलीच निंघाली, काईच सांगत नाई.

मी रंभाबाईला ओढत आणलं. पक्कं दार एकच आहे, या खोलीचं. कुलूप काढून आत आलो. आतून कडी नाही, मीच बसवू दिली नव्हती. बाटल्या खाली उतरवून मांडणी दाराला लावली.

ठाण्यात फोन लागला. पाणी उतरलं की होडी घेऊन निघतो म्हणाले. उद्या अकरापर्यंत.

उद्या अकरापर्यंत.

विष ओतून टाकू म्हणते रंभाबाई. कुठे? उतार बोडीकडे. बोडी विहिरीला. चारशे माणसं त्या विहिरीवर. विष फेकायला जागाच नसते. सांभाळावंच लागतं.

तो दारावर कुऱ्हाड घालतोय. सारख्या अंतरानं, लाकडं फोडावीत तशी.

१० सप्टेंबर, बुधवार. सकाळ, ७.

दार टिकलं. तासभर आवाज नाही. पाऊस थांबलाय.

८.१०

तो दाराशी बसून रडतोय. रंभे, भूक लागली. काल सकाळपासून पोटात काई नाई. भात दे वो.

रंभाबाई उठली. मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, चाळीस साल रांधून वाढलं, पोरी, मले आयकवत नाई. भात ठेवतो आन् येतो. मांडणी ढकलली. मी थांबवू शकले असते – नाही, शकले नसते.

मांडणी परत लावली आहे. ती अजून आली नाही.

८.३०

त्यानं तिला जाळीखाली आणलंय. केस धरून. कुऱ्हाडीनं दाराला पडलेल्या फटीतून दिसतं. विळा तिच्या तोंडाला. तो टोपल्यावर चढून जाळीतून बघतोय. एक डोळा दिसतो मला. पिवळा.

त्याला किल्ली नको आता. जीभ हवी. म्हणतो, जीभ जित्या माणसाचीच लागते. एकेक बाटल उघडा. चाखा. सांगा. लिहा. "तुमी लिवलेलं लोक मानतेत, मॅडम." बरोबर सांगितलं तर हिला सोडतो.

चाखल्याचं खोटं खोटं करून बघितलं. त्यानं पकडलं. रंभाबाईचा कान

कापला. कान कापला त्यानं. ती ओरडत नाही. माझ्याकडे बघून नाही नाही करतेय.

अकराला होडी येईल. अडीच तास काढायचे. थेंब थेंब. थुंकायचं.

१. कडू. जळजळ. लसणासारखा वास. सांगितलं. तो म्हणाला असली. खूश आहे.

८.५५

२. आधी गोड. मग ओठ बधिर. सांगितलं. असली.

विळा खाली घेतला त्यानं. तिला बसू दिलं. चालतंय. चालतंय हे.

९.१५

३. खारट – लाळ थांबत नाही – कागदावर पडतेय. भिंतीवरचा नंबर दोन दोन दिसतो. वेळ काढत होते तर म्हणाला लवकर.

असली.

४. तुरट. वाटतं. नक्की नाही. हात

९.४० असेल

जाळीचा कोपरा फाडला. बाहेरून एक बाटली टाकली आत. म्हणतो ही शेवटची. ही सांगा आन् रंभीले घेऊन जा, म्या जातो बोडीकडे. खरं वाटलं. थकलाय तोही.

चाखली.

चव नाही.

पुन्हा चाखली. नाही. जीभ आहे की नाही तेच – दातांनी चावली. रक्त दिसतं, लागत नाही.

काय सांगू. चव नाही म्हटलं तर नकली – नकली म्हटलं की मारतो – कोंबडा, कुत्रा – सगळं नकली म्हणून –

सांगितलं. कडू. फार कडू. असली.

डोळा जाळीवरून गेला.

होडी? मोटारीचा आवाज आहे का तो? की माझ्या कानात

डोळा परत जाळीला. हसत नाही. दुःखी आहे. म्हणतो, बोडीचं पानी होतं, मॅडम. निस्तं पानी. तुमचीबी मेली.

रंभाबाई आता ओरडते आहे. माझं नाव घेते – रिता – रिता, दार उघडू नोको – मी मांडणी ओढते आहे, हात लागत नाहीत, मी येते, थांब, मी