लकडी पुलाचे ठिपके

९ ऑगस्ट
साळूबाईने चित्र पुसलं! ओल्या फडक्याने! निरंजनचं पहिलं गाजलेलं – संध्याकाळचा लकडी पूल, सगळा ठिपक्याठिपक्यांचा. हार्डबोर्डवर पोस्टर कलर, पाणी लागलं की संपलं. काल प्रदर्शनाच्या कॅटलॉगच्या फोटोसाठी निरंजनने काच काढली – स्वतःच, कुणाला हात लावू दिला नाही – आणि चित्र तसंच ठेवलं व्हरांड्यात.

"अवो ताई, लई ठिपकं पडलं व्हतं. पावसात हितं समद्यालाच बुरशी धरती. मला वाटलं, ह्या फळीलाबी धरली."

डाव्या कोपऱ्यातली नदी गेली. मी नको नको ते बोलले. उद्यापासून येऊ नकोस म्हटलं. बारा वर्षं कामाला आहे. रडत गेली. जाऊ दे!

१० ऑगस्ट
भांडी मीच घासली. राग उतरत नाही.

११ ऑगस्ट
निरंजन म्हणतो, "तूच भर ना परत. तुझा हात बसलाय."

बसणारच! लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने पूल आखला, रंग कालवले. ठिपके मी दिले. पाच महिने, ऑफिसातून आल्यावर, काडीपेटीच्या काडीने. आणि कॅटलॉगच्या मसुद्यात काय, तर 'तरुण निरंजनची अफाट चिकाटी'! कुणाची चिकाटी? विचारलं, तर नेहमीचंच – "मागे आहे की तुझं नाव. कुठे जातंय!"

आहे खरं. चित्र पुरं झालं त्या दिवशी मीच बॉलपेनने दाबून लिहिलं होतं – साधना, निरंजन. तेवढ्यावर पस्तीस वर्षं गप्प बसले, मूर्खासारखी. या वेळी सांगून टाकलं, नदी भरते, पण माझं नाव पुढे हवं, प्रदर्शनातल्या पाटीवर. "बघू," म्हणाला. त्याचं बघू म्हणजे नाही.

१२ ऑगस्ट
नदी भरायला घेतली. डोळ्यांतून पाणी येतं. हात मात्र काही विसरलेला नाही, मेला!

१३ ऑगस्ट
ओल मागे उतरली का बघायला बोर्ड उलटा केला. त्याचं नाव आहे. माझ्या नावावर पांढरा रंग – दोन हात, कडा सांभाळून, जुना पिवळा पडलेला. तिरप्या उजेडात पेनचे वळ तेवढे दिसतात.

साळूबाईला फोन केला. ये म्हटलं. तिने निदान बुरशी समजून पुसलं होतं.