एकच प्रश्न, दोन उत्तरं

सोमवार, ४ मार्च

हो म्हणाल्या! चष्म्याच्या दुकानात नोकरी मिळतेय, दिवसभर तुम्ही घरी एकट्या राहाल, जाऊ का — सासूबाईंना सरळ विचारून टाकलं. हसून म्हणाल्या, "हो हो, कर की!" मला वाटलं होतं, आकाशपाताळ एक करतील!

मंगळवार, ५ मार्च

काल हो, आज नको! माझी दाढ ठणकत होती, तरी एकदा पक्कं करावं म्हणून तेच विचारलं. "नको गं बाई, नको." मग कालचं काय? थोड्या वेळाने मागून हाक मारली, तर वळल्यासुद्धा नाहीत. एवढा राग? मी काय घोडं मारलंय त्यांचं?

ह्यांना सांगितलं. "आई हो म्हणाली तर माझी ना नाही." झालं, हे नामानिराळे! दुकानदाराला शनिवारी कळवायचंय.

बुधवार, ६ मार्च

डोक्याचा पार भुगा झालाय.

गुरुवार, ७ मार्च

नणंद आली होती. शाळेत गणित शिकवते. तिच्यापुढे सगळं रडगाणं गायले, तर बाई कागद घेऊनच बसल्या.

"हे बघ वहिनी, नियम असा — दुप्पट कर, तीन मिळव. चार टाकलेस की अकरा, सात टाकलेस की सतरा. चार टाकून कधी अकरा, कधी वीस, असं होत नाही. झालंच, तर तू आणखी काहीतरी आत टाकतेयस आणि ते मोजत नाहीयेस."

तुझ्या आईला कसला आलाय नियम! — ओठांवर आलं होतं, गिळलं. पण डोक्यातून जाईना. मी वेगळं काय टाकलं? शब्द तेच, खुर्ची तीच. सोमवारी मी खुशीत होते. मंगळवारी दाढेने तोंड वाकडं...

शुक्रवार, ८ मार्च

तोंड पाडून विचारलं, "आई, चहा टाकू?"

"नको गं बाई." चहाला नको! आजवर कधी नाही!

मग छान हसून म्हटलं, "आई, तुमचं कपाट विकून टाकू?"

"हो हो, कर की!"

हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्यांना ऐकूच येत नाही. माझं तोंड बघून उत्तर देतात. आणि मी त्याला राग समजत होते — गाढव आहे मी!

नणंदेला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "मी नेहमी हसतच येते गं. मला वाटायचं, आईला माझं सगळं पटतं."

पण मग नोकरीचं उत्तर काय? हो की नको? त्यांना प्रश्न पोचलेलाच नाही!

शनिवार, ९ मार्च

मोठ्या अक्षरांत लिहून कागद हातात दिला. चेहरा मुद्दाम कोरा ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच सापडेना, तशा गोंधळल्या. मग हळूच म्हणाल्या, "नको जाऊस गं. दार वाजलेलं मला कळत नाही."