कॉलरमध्ये सापडलेले कार्ड

मी, शर्ट शिवणारी आणि झिजलेल्या कॉलरी उलटून देणारी बाई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहीत आहे. लाडीगोडीला एकदा बळी पडून झाले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तेव्हा वाटून देण्यासारखे हप्त्यांखेरीज काही नव्हते.

१. आईने माझ्या नावे केलेले दोन खोल्यांचे राहते घर माझ्या एकुलत्या एका लेकीला द्यावे.

२. सोफा धाकट्या नणंदेला द्यावा. "अहो वहिनी, सगळेच हप्त्यांवर घेतात," असे म्हणून तिनेच तो आमच्या गळ्यात मारला. त्याच्या मागोमाग टीव्ही आला, फ्रीज आला, आणि एका कार्डाची उधारी दुसऱ्या कार्डाने भागवायची पाळी आली. सोफा नेण्याचा खर्च तिने करावा.

३. बचत खात्यातली रक्कमही लेकीलाच. ती कशी साठली हे तिने पाहिले आहे. कार्डे कापून टाकायची असे आम्ही नवराबायकोने ठरवले, तेव्हा मी टेबलावर माझी कापड बेतायची मोठी कात्री ठेवली. मी माझे कार्ड कापले, यांनी स्वतःचे कापले. "अगं, आजपासून आपण मोकळे!" असे म्हणून हे हसले. माझे डोळे भरून आले होते. तुकड्यांवरची अक्षरे कोण वाचत बसतो?

मग मी विजेवरची मशीन विकून पायमशीनवर आले. बस सोडली, नवा चष्मा घेणे पुढे ढकलले. लेकीच्या वर्गाची सहल निघाली तेव्हा यांनीच तिला सुनावले, "उधळपट्टी बंद म्हणजे बंद!" पोरीने पुन्हा कधी काही मागितले नाही. माझ्या लेखी सगळे कर्ज फिटले.

४. यांचा निळा शर्ट यांनाच द्यावा. कॉलरची टोके ताठ राहावीत म्हणून आत प्लास्टिकची पट्टी घालतात. विकत कशाला आणायची, म्हणून यांच्या कार्डाच्या तुकड्यांच्याच पट्ट्या मी या शर्टात घातल्या होत्या. यंदा ती कॉलर उलटायला उसवली आणि नव्या चष्म्यातून पट्ट्यांवरची अक्षरे वाचली. ते पोहण्याच्या तलावाचे कार्ड होते. हे तिथे एकदाच गेले होते आणि गुडघाभर पाण्यातून परत आले होते.

खरे कार्ड यांच्या पाकिटात सापडले, वापरून वापरून आकडे पुसट झालेले. मित्रमंडळी यांना 'राजे' का म्हणतात आणि सगळ्यांच्या जेवणाचे बिल कोण भरते, ते मला त्या दिवशी कळले.

"कॉलर झाली का गं?" यांनी बाहेरून विचारले.

"झाली. छान ताठ बसेल," मी म्हटले.

मी फसले. पैशांपेक्षा मला हे लागले, की काटकसर आम्ही दोघे करतो आहोत या समजुतीवर मी सगळे हसत सोसले, आणि करत होते मी एकटीच.

५. यांना या घरात हयातभर राहू द्यावे. मी कोणाला रस्त्यावर काढणारी नाही. मात्र त्या कार्डाची बाकी माझ्या मिळकतीतून भरू नये.

६. माझी मोठी कात्री धार लावून ठेवली आहे. तीही यांनाच. कलम पाचमधला हक्क मिळण्यापूर्वी यांनी त्या कात्रीने आपले कार्ड खालील साक्षीदारांसमोर कापावे. कापण्याआधी लेकीने त्यावरची अक्षरे मोठ्याने वाचून दाखवावीत.

वरील मजकूर मी चष्मा लावून, अक्षर न् अक्षर वाचून सही करीत आहे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे दुकानदार, मला रोखीचे गिऱ्हाईक म्हणून ओळखतात (सही)
२. शेजारच्या परिचारिका (सही)

ठिकाण: पायमशीनपुढे
तारीख: महिन्याची पहिली, पूर्वी हप्त्याची असे